एक यंत्र, दोन वाहनं

आमच्या घरी दोन वाहनं आहेत. एक यांची मोटारसायकल आणि एक आठ वर्षांची छोटी कार. वाट दाखवणारं यंत्र मात्र एकच. पुण्याच्या मुलाने वडिलांच्या पासष्टीला दिलेलं. तेव्हापासून घरात एक वाद चालू आहे. हे एक यंत्र दोन्हीकडे वापरावं, की कारसाठी वेगळं घ्यावं? मुलगा म्हणतो, "आई, घेऊन टाकू दुसरं. रोज कशाला काढ-घाल करायची?" हे म्हणतात, "एकात भागतंय की." मी बरेच दिवस या वादात पडले नाही. मागच्या डिसेंबरात जे घडलं त्यानंतर माझं मत पक्कं झालं. तेच आज लिहिते आहे.

आधीच सांगते, मी स्वतः गाडी चालवत नाही. मोटारसायकलवर मागे बसते, कारमध्ये यांच्या शेजारी. पण शेजारी बसणाऱ्यालाही डोळे असतात, आणि घराचा जमाखर्च गेली चाळीस वर्षं माझ्याकडे आहे. बी.कॉम.चा उपयोग मी नोकरीत केला नाही, स्वयंपाकघरात केला.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात: हातात फोन असताना वेगळं यंत्र कशाला? कारपुरतं बोलायचं तर हा प्रश्न बरोबर आहे. कारमध्ये ऊन-पाऊस लागत नाही, चार्जिंगची सोय असते, फोन पुरतो. मोटारसायकलवर गोष्ट वेगळी. हातमोजे घातले की फोनचा पडदा बोट ओळखत नाही. उन्हात अक्षर दिसत नाही. आमच्या सांगलीकडचा जुलैचा पाऊस तर सांगायलाच नको. त्यात गाडीचा हादरा. अ‍ॅपल कंपनीनेच 2021 च्या सप्टेंबरात जाहीर केलं होतं की, मोठ्या ताकदीच्या मोटारसायकलींच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो. दुचाकीसाठी बनवलेलं यंत्र हे सगळं सोसतं. आमच्या यंत्रावर आयपीएक्स 7 असं लिहिलं आहे. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी शिरत नाही. तेव्हा मोटारसायकलसाठी घेतलेलं यंत्र कारमध्ये सहज चालतं. कारसाठी घेतलेलं मात्र मोटारसायकलवर टिकत नाही. दोन्हीसाठी एकच घ्यायचं तर दुचाकीचं घ्यावं, इथपर्यंत यांचं आणि माझं एकमत होतं.

आता डिसेंबरची गोष्ट.

सासूबाईंच्या धाकट्या बहिणीची तब्येत बरी नव्हती. त्या पुण्यात, जुन्या पेठेतल्या वाड्यात राहतात. सासूबाईंचं वय 86. मधुमेह आहे. वयाच्या तिशीपासून सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, हा त्यांचा नेम. आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासात, कुठेही तो त्यांनी चुकवला नव्हता. म्हणून आमच्याकडे कुठलाही प्रवास पोहोचण्याच्या वेळेवरून ठरतो, निघण्याच्या वेळेवरून नाही. डिसेंबरात पुण्याला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. यंत्राने पोहोचण्याची वेळ पाच वाजून दहा मिनिटं दाखवली. मी म्हटलं, छान, मावशींकडे निवांत जेवण होईल. वाटेत थांबून काही खाल्लंसुद्धा नाही.

महामार्गावर सगळं बरोबर चाललं होतं. कराड गेलं, सातारा गेलं. मोठ्या रस्त्यावर दुचाकी काय आणि चारचाकी काय, वाट एकच असते. चूक दिसली ती शहरात शिरल्यावर. यंत्र आम्हाला एका बोळातून दुसऱ्या बोळात नेऊ लागलं. एका ठिकाणी दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या, मधून आमची कार जेमतेम घुसली आणि पुढे अडली. मागे रिक्षा, त्यामागे हातगाडी. यांनी गाडी इंच इंच मागे घेतली. लोक ओरडत होते. बाहेर आलो तर यंत्राने पुन्हा तसाच दुसरा बोळ दाखवला. आवाज तर येतच नव्हता, सगळं पडद्यावर बघून चाललं होतं. तेव्हा माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे नखाएवढं चित्र होतं, मोटारसायकलचं.

आदल्या आठवड्यात हे यंत्र घेऊन मोटारसायकलने कुंभोज बाहुबलीला जाऊन आले होते. त्यानंतर यंत्र कारमध्ये लावलं, पण त्याला सांगितलंच नाही की आता आम्ही कारमध्ये आहोत. ते बिचारं आम्हाला दुचाकी समजूनच वाट दाखवत होतं. पोहोचण्याची वेळही त्याने गर्दीतून वाट काढणाऱ्या दुचाकीचीच धरली होती. आणि आवाज? तो यांच्या हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरला जोडलेला होता. हेल्मेट मागे डिकीत होतं. म्हणजे इतका वेळ यंत्र डिकीशी बोलत होतं.

आम्ही वाड्यात पोहोचलो तेव्हा साडेसहा होत आले होते. मावशींच्या सुनेने भाकरी आणि मुगाची आमटी झाकून ठेवली होती. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "झालं. आता उद्या सकाळी." पाणीही घेतलं नाही. दुपारची गोळी पोटात होती आणि संध्याकाळचं जेवण नाही.

पहाटे तीनला मला जाग आली. त्यांना दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते. साखर तपासली, 58. मी साखरेचं पाणी करून आणलं. म्हटलं, "आई, घ्या. हे औषध आहे." त्यांनी नाही म्हटलं नाही. डोळे मिटले, हात जोडले आणि घेतलं. अर्ध्या तासात बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कुणालाही एक शब्द बोलल्या नाहीत. पण परतल्यावर त्यांनी आठ दिवस एकभुक्त राहायचं ठरवलं. डॉक्टरांनी आणि मी मिळून ते कसंबसं दोन दिवसांवर आणलं. छप्पन्न वर्षांचा नेम मोडला, तो त्यांच्या हातून नाही, आमच्या हातून. प्रायश्चित्त मात्र त्या घेत होत्या.

मुलाला कळल्यावर तो म्हणाला, "बघ, म्हणून सांगत होतो. कारसाठी वेगळं यंत्र घ्या."

तुम्हालाही असंच वाटेल. पण माझं मत उलट आहे. त्या रात्रीनंतरही मी दुसरं यंत्र घेऊ दिलं नाही.

का, ते सांगते. कार आमच्याकडे महिन्यातून तीन-चार वेळाच निघते. तिच्यातलं दुसरं यंत्र बाकीचे दिवस पडून राहणार. नकाशे अद्ययावत करायचे राहणार. ऐन वेळी काढलं की त्यात नवा पूल नसणार, नवी एकेरी वाट नसणार. डॉक्टरांचा दवाखाना, मंदिर, मुलाचं घर या खुणा एकात असणार आणि दुसऱ्यात नसणार. वापरात असलेली वस्तू हाताला ओळखीची असते. पडून असलेली वस्तू नवी असली तरी परकी असते. घसारा दोन्हींवर लागतोच. मला विचाराल तर, न वापरलेल्या वस्तूवर जास्त लागतो.

शिवाय चूक यंत्र एक असण्यात नव्हती. चूक ही होती की एक वस्तू दोन कामांना लावली आणि मधलं काम केलं नाही. आपल्या स्वयंपाकघरात बघा. पाणी गाळायचं फडकं वेगळं आणि दूध गाळायचं वेगळं, ते आपण कधी मिसळत नाही. पातेलं मात्र एकच असतं, घासून दोन्हीला वापरतो. घासायचं विसरलं तर दूध नासतं. म्हणून कुणी दुसरं पातेलं आणत नाही, घासायला शिकतं.

यंत्राचंही तसंच आहे. फडकी म्हणजे त्याचे धारक. ते दोन वेगळे हवेतच. मोटारसायकलच्या हँडलवर एक कायमचा, बॅटरीला नीट फ्यूजमधून जोडलेला. कारमध्ये दुसरा कायमचा, काचेवर चालकाची नजर अडणार नाही असा. कारच्या धारकात स्पीकर असेल तर फारच चांगलं, कारण दुचाकीच्या कित्येक यंत्रांना स्वतःचा आवाज नसतो. या दुसऱ्या धारकाला मी एका शब्दानेही नाही म्हटलं नाही. तो खर्च काटकसरीत बसतो. तोच एक धारक इकडून तिकडे हलवत राहणं ही काटकसर नव्हे, कंजूषपणा आहे.

आणि घासणं म्हणजे वाहन बदललं की यंत्राला सांगणं. हे छोटं वाटतं, पण छोटं नाही. गूगल मॅप्सने दुचाकीसाठी वेगळी सोय 2017 च्या डिसेंबरात आणली, ती सगळ्यात आधी भारतात. याचा अर्थ आपल्याकडे दुचाकीची वाट आणि कारची वाट खरोखरच वेगळी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. बांद्रा-वरळी सागरी सेतूवर आहे, अटल सेतूवर आहे. यंत्र कारवर राहिलं आणि मोटारसायकलवाला त्याच्या भरवशावर निघाला, तर ते त्याला थेट द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी नेऊन उभं करेल. उलट, यंत्र दुचाकीवर राहिलं तर कारवाला घाटातल्या जुन्या रस्त्याने जाईल, किंवा आमच्यासारखा बोळात अडकेल. आकाशातला उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून तुम्ही कुठे आहात एवढंच कळवतो. तुम्ही कशावर बसला आहात आणि मागच्या सीटवर कोण आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ते आपणच सांगायचं असतं.

म्हणून आमच्याकडे आता एक रीत आहे. ती माझी आहे, यांची नाही. कारमध्ये बसलं की मी पट्टा लावते आणि मोठ्याने तीन गोष्टी विचारते: चित्र कोणाचं? आवाज कुठून? वेळ किती? चित्र कारचं दिसलं पाहिजे, आवाज कारमध्ये आला पाहिजे, आणि दाखवलेल्या वेळेत शहरासाठी मी माझी पाऊण तासाची भर घालते. मग गाडी सुरू. वाटेत यंत्राला हात लावायचा तर तो मी लावते. कायदाही तेच सांगतो. 2020 च्या ऑक्टोबरपासून गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त वाट बघायला वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. पहिले काही दिवस हे वैतागले. म्हणाले, "मी काय शिकाऊ ड्रायव्हर आहे?" मी म्हटलं, "अहो, रोजमेळ रोज लिहितात, तो मालक अडाणी असतो म्हणून नाही."

काही मैत्रिणी म्हणतील, एकात भागवणं हाच तर अपरिग्रह. मला तसं सरळ म्हणवत नाही. वस्तू कमी ठेवणं हा त्याचा अर्धाच भाग झाला. दोन वस्तू असतात तेव्हा एक चुकली तरी दुसरी सांभाळून घेते. एकच ठेवायची तर आपलं लक्ष दुप्पट लागतं. ते लक्ष द्यायची तयारी नसेल, तर मुलाचं ऐका आणि खुशाल दोन घ्या. त्यात कमीपणा नाही. कमीपणा यात आहे की पैसे आपले वाचावेत आणि भूक मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या माणसाने सोसावी.

मागच्या महिन्यात पुन्हा पुण्याला गेलो. सासूबाई मागे बसल्या होत्या. मी पट्टा लावला आणि विचारणार एवढ्यात मागून त्यांचाच आवाज आला, "अगं, चित्र बघितलंस का?"

कारचंच होतं. पावणेपाचला आम्ही मावशींकडे जेवायला बसलो होतो.