फोन लागला नाही तर?

गणपतीला गावी जाताना कशेडी घाट चढायच्या आधी पोलादपूरला चहासाठी गाडी थांबतेच. पैसे द्यायला आता कुणी पाकीट काढत नाही, फोन काढतो. आता समजा, रात्रभर धो-धो पाऊस, घाटात दरड, लाइट गेलेली आणि फोनला रेंजची एक दांडीही नाही. हॉटेलात चाळीस प्रवासी अडकलेत, खायला मागतायत आणि पैसे सगळ्यांच्या फोनमध्ये! मालकाने करायचं काय?

असं संकट आपल्या भागाने पाहिलंय. २२ जुलै २०२१ ला सावित्रीच्या पुरात महाड बुडालं. तळियेत दरडीखाली ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. वीज आणि मोबाइल नेटवर्क कोलमडल्याने मदत मागणंसुद्धा अवघड झालं. मोबाइलचा टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरी आणि मग डिझेल. पण रस्ताच बंद झाला तर डिझेल पोहोचणार कसं? म्हणजे घाट बंद पडला की काही तासांनी फोनही बंद पडू शकतो.

दुसरी शक्यता आपल्या लक्षातच येत नाही. नेटवर्क चालू असेल, पण ते सरकारने हातात घेतलेलं असेल. दूरसंचार कायदा, २०२३ चं कलम २० तशी मुभा देतं. सार्वजनिक आणीबाणीत, म्हणजे आपत्तीतही, केंद्र किंवा राज्य सरकार दूरसंचार कंपनीची सेवा किंवा नेटवर्क तात्पुरतं ताब्यात घेऊ शकतं. बचावकार्य करणाऱ्यांचे संदेश आधी पोहोचतील अशी व्यवस्था करू शकतं. त्यासाठी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर व्हावी लागत नाही. आणि हा अधिकार नवा नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातही तो होता.

यात गैर काय? खरं सांगायचं तर दरडीखाली माणसं असताना एनडीआरएफचा कॉल आधी लागलाच पाहिजे, आपली ऑर्डर थांबली तरी चालेल. पण त्याच कलमात सेवा बंद ठेवण्याचाही अधिकार आहे, आणि तो दंगल-तणावातही वापरला जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इंटरनेट बंद झालं होतं. अशा वेळी आपला हक्कही माहीत हवा. ‘अनुराधा भसीन’ खटल्यात १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की इंटरनेटवरून व्यवसाय करण्यालाही घटनेचं संरक्षण आहे, बंदी बेमुदत असू शकत नाही आणि आदेश प्रसिद्ध करावाच लागतो. २०२४ च्या नियमांनुसार असा एक आदेश जास्तीत जास्त १५ दिवसांचा असतो. म्हणून आदेश कुठे आहे आणि किती दिवसांचा आहे, हे विचारायला लाजू नका.

पण गल्ल्यावर बसलेल्याला नेटवर्क पडलं, ताब्यात गेलं की बंद केलं, याने तेवढ्यापुरता फरक पडत नाही. त्याचा फोन लागत नाही, एवढंच खरं. तयारी त्याचीच करायची.

घरचं दुकान, हॉटेल, गॅरेज, होमस्टे असेल तर हे काम तुमचं. आई-बाबा फोनवर धंदा करायला तुमच्याकडूनच शिकले ना?

एक, गल्ल्यात निदान दोन दिवसांची रोकड आणि सुट्टे ठेवा. दोन, वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम ठेवा. मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीच्या टॉवरवर जाऊ देतो, त्यामुळे फोनमध्ये नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’वर असू द्या. तीन, फक्त इंटरनेट बंद असेल आणि कॉल लागत असतील, तर *९९# वरून यूपीआय चालतं. ते आधीच एकदा करून बघा. चार, दूधवाला, गॅसवाला, तहसील कार्यालय, पोलिस ठाणे असे सगळे नंबर वहीत लिहा. उधारीची वहीही पुन्हा काढा. पाच, सेलवर चालणारा रेडिओ घ्या. फोनवर कर्कश आवाजात येणारा सरकारी इशारा सेटिंगमध्ये जाऊन बंद करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन लागला नाही तर कुणी काय करायचं, हे आधीच ठरवा. माल घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरने महाडला थांबायचं की पोलादपूरपर्यंत यायचं? कामगारांनी किती वाजेपर्यंत वाट बघून घरी निघायचं? अडकलेल्या प्रवाशाला उधारीवर जेवण द्यायचं का? (द्यायचंच! पण नाव-नंबर लिहून.) असे निर्णय आपण रोज फोनवर घेतो, म्हणून ते कुठेच लिहिलेले नसतात.

येत्या रविवारी एक प्रयोग करा. घरच्या दुकानात दोन तास सगळ्यांचे फोन बंद ठेवा आणि काय काय अडतं ते कागदावर टिपून घ्या. तो कागद गल्ल्यामागे चिकटवून टाका. पावसाळ्यात उपयोगी पडेल.