वकील झाली, आणि मग बायोलॉजी शिकायला बसली

आपल्याकडे दहावीनंतर एकदा साइड निवडली की विषय संपला. आर्ट्सवाल्याने सायन्सचं नाव काढायचं नाही. म्हणूनच आज सोनिया वल्लभची गोष्ट सांगावीशी वाटली.

सोनिया अमेरिकेतली. 2010 मध्ये ती हार्वर्डमध्ये कायदा शिकत होती. त्याच वर्षी तिची आई अचानक आजारी पडली. नुकतीच पन्नाशी ओलांडलेली, धडधाकट बाई. आधी गोंधळल्यासारखं व्हायला लागलं, मग बोलणं गेलं, माणसं ओळखता येईनात. वर्ष संपायच्या आत ती गेली. काय झालं होतं ते नंतर कळलं: प्रायॉनचा आजार, आणि तोही आनुवंशिक. म्हणजे सोनियालाही तो होण्याची शक्यता निम्मी-निम्मी.

2011 च्या डिसेंबरमध्ये तिने तपासणी करून घेतली. आईचा तो जनुकीय दोष तिच्यातही होता.

हा आजार समजायला आपलं विरजण आठवा. पातेलंभर दुधात चमचाभर दही टाकलं की सकाळी सगळ्याचं दही होतं. आपल्या मेंदूत प्रायॉन नावाचं एक प्रथिन असतंच, सगळ्यांच्या. त्यातल्या एखाद्याची घडी चुकली की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनाचीही घडी बिघडवतं, ते पुढच्याची. लक्षणं दिसायला लागली की बहुतेकदा काही महिन्यांत सगळं आटोपतं. अल्झायमर आणि पार्किन्सनमध्येही प्रथिनांच्या अशाच गुठळ्या होतात, फक्त वेग कितीतरी कमी.

सोनिया वकील, तिचा नवरा एरिक मिनिकेल वाहतूक नियोजनातला. दोघांनाही पेशीशास्त्राचा गंध नव्हता. त्यांनी संध्याकाळचे वर्ग लावले, मग चांगल्या नोकऱ्या सोडून प्रयोगशाळेत अगदी खालच्या पायरीवरची कामं धरली. 2014 मध्ये दोघं हार्वर्डमध्येच पीएच.डी.ला बसले आणि 2019 मध्ये दोघंही डॉक्टर झाले. (सोबत संसार होताच. गर्भाची तपासणी करून, हा दोष पुढे जाणार नाही याची खात्री करून त्यांनी मूलही होऊ दिलं.)

मला सगळ्यात आवडला तो तिच्या पीएच.डी.चा विषय. ऐकायला अगदी रुक्ष आहे. प्रायॉन प्रथिन नसलेले उंदीर बऱ्यापैकी ठणठणीत जगतात आणि त्यांना हा आजार होतच नाही, हे 1990 च्या दशकातच दिसलं होतं. मग औषधाने हे प्रथिन कमीच केलं तर? दूधच थोडं असेल तर विरजण लागणार कशाला! पण खरी अडचण पुढे होती. निरोगी माणसाला औषध दिलं, तर ते लागू पडलं हे कळणार कसं? तो आजारी पडतो का हे बघत वीस-तीस वर्षं थांबायचं?

सोनियाचं म्हणणं असं, की मणक्यातून पाणी काढा आणि त्यात हे प्रथिन किती आहे ते मोजा. आता मोजायला गेलं तर आकडे वर-खाली. कारण काय, तर हे प्रथिन प्लास्टिकला चिकटतं! एका नळीतून दुसरीत ओतलं की थोडं नळीतच राहतं. नमुन्यात किंचित डिटर्जंट घातल्यावर ते चिकटणं थांबलं आणि आकडे स्थिर यायला लागले. एकाच माणसाचं प्रमाण काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं तरी साधारण तेवढंच. आयुष्य पणाला लागलेलं असताना कुणी प्लास्टिकच्या नळ्यांवर डोकं घालत बसेल असं वाटत नाही. पण हा आकडा भरवशाचा नसेल, तर औषध दिल्यावर प्रथिन कमी झालं हे सांगायचं कशाच्या जोरावर?

पेशीत जनुकाची एक नक्कल निघते, आजीच्या वहीतून उतरवून घेतलेल्या पाककृतीच्या चिठ्ठीसारखी, आणि तिच्यावरून प्रथिन तयार होतं. ती चिठ्ठीच फाडणारं औषध उंदरांमध्ये लागू पडलं. तशा औषधाची चाचणी आता माणसांवर सुरू झाली आहे, पण सध्या लक्षणं दिसू लागलेल्या रुग्णांवर. 2025 च्या जानेवारीत या दोघांनी इतर शास्त्रज्ञांबरोबर आणखी एक काम प्रसिद्ध केलं. त्यात जनुकातलं एकच अक्षर बदललं, आणि प्रायॉनची लागण झालेले उंदीर जवळपास दीडपट जगले.

उंदरांपासून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो, हे सोनियालाही माहीत आहे. तिच्यासारख्या, दोष असलेल्या पण अजून निरोगी माणसांसाठी मंजूर झालेलं औषध अजून आलेलं नाही. बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये ती आणि एरिक मिळून प्रयोगशाळा चालवतात, आणि तिथे काम चालू आहे.