भिंतीवरचे दोन शब्द

२००८ साली कंपनीच्या कामासाठी मी काही महिने बर्मिंगहॅमला होतो. शनिवार-रविवार काय करायचं हा मोठाच प्रश्न असायचा. अशाच एका शनिवारी गाडीत बसलो आणि जवळच्या कॉव्हेंट्रीला गेलो. तिथलं जुनं कॅथेड्रल बघायचं, एवढाच बेत होता.

बघायला म्हणाल तर तिथे छप्परच नाही. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी या गावावर सुमारे अकरा तास बॉम्ब टाकले. साडेपाचशेहून अधिक माणसं गेली आणि मध्ययुगीन कॅथेड्रल जळून गेलं. उरला मनोरा आणि बाहेरच्या भिंती. राखेत एका गवंड्याला छताच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर आडव्या पडलेल्या दिसल्या. त्याने त्या बांधून क्रूस उभा केला. मागच्या भिंतीवर पुढे दोनच शब्द कोरले गेले : 'पित्या, क्षमा कर'.

'त्यांना' क्षमा कर, असं नाही. मी परत वाचलं. क्रुसावरून येशूने आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, एवढं शाळेपासून माहीत होतं. इथे मात्र कॅथेड्रलचे प्रमुख रिचर्ड हॉवर्ड यांनी 'त्यांना' हा शब्द मुद्दाम गाळला होता. क्षमेची गरज सगळ्यांनाच आहे, आपल्यालाही, हा त्यामागचा विचार. त्याच वर्षीच्या नाताळात त्यांनी त्या भग्न वास्तूतून रेडिओवर सांगितलं, की सूडाचा विचार मनातून काढायचा प्रयत्न आपण करतो आहोत. युद्ध तेव्हा ऐन भरात होतं!

खरं सांगतो, आधी मला रागच आला. ज्यांची पोरंबाळं गेली त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल? मी ख्रिस्ती नाही, म्हणून असं वाटत असेल म्हणा. पण मग ड्रेस्डेन आठवलं. फेब्रुवारी १९४५मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ते शहर जाळलं, सुमारे पंचवीस हजार माणसं मेली. तिथलं फ्राउएनकिर्श हे चर्चही कोसळलं. २००५मध्ये ते पुन्हा उभं राहिलं, आणि त्याच्या घुमटावरचा क्रूस घडवणाऱ्या लंडनच्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकायला गेलेल्या वैमानिकांपैकी होते. भिंतीवर 'त्यांना' असतं, तर ड्रेस्डेनसाठी तिथे जागाच उरली नसती.

आणि माझ्यासाठीही.

११ जुलै २००६. मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले त्या संध्याकाळी माझा मामेभाऊ त्याच लाइनवर होता. रात्री साडेअकरापर्यंत त्याचा पत्ता नव्हता. (तो चालत घरी पोचला, सुखरूप.) ऑफिसात फोन फिरवताफिरवता मी एका अख्ख्या जमातीबद्दल जे बोललो ते इथे लिहिणार नाही, आमची आईही हे वाचते. शेजारच्या टेबलावर त्याच जमातीतला माझा सहकारी बसला होता. तोही फोनच फिरवत होता. त्याची बायको त्याच लाइनने घरी जायची. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा नंबर लावला. नंतर दोन वर्षं आम्ही रोज एकत्र जेवलो, पण मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

माझं मत एवढंच आहे. संकटात माणूस देवाकडे धीर मागतो, तेव्हा 'मी फक्त सोसणारा आहे' ही समजूत फार ऊब देते, आणि तीच घात करते. हॉवर्ड यांनी ती ऊब नाकारली. मात्र त्यांनी ते शब्द स्वतःच्या पडक्या भिंतीवर लिहिले, दुसऱ्याच्या दारावर नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला 'माफ कर बाबा' असं सांगायचा अधिकार कोणालाच नाही. स्वतःसाठी मागता मात्र नक्की येते.

परत आल्यावर मी त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, "हो, ऐकलं होतं मी." थोडा वेळ गप्प राहिला, मग मुलीच्या शाळेचं काहीतरी बोलू लागला. 'जाऊ दे रे' असं तो म्हणाला नाही. ते बरोबरच होतं.

असो. तुमच्या भिंतीवर काय लिहिलंय, तेही एकदा बघा.