‘वयाचा खोकला’ म्हणून सोडू नका
अमरावती : राजापेठच्या बसथांब्यावर गावाकडची म्हातारी माणसं खोकताना दिसतात. विचारलं तर म्हणतात, ‘वयाचा खोकला हाय, बाप्पा.’ घात इथंच होतो. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात पंचावन्नच्या वरच्यांत क्षयाचं प्रमाण जास्त आढळलं. सर्व वयांचे मिळून लक्षणं असलेले 64 टक्के लोक दवाखान्यात गेलेच नव्हते. म्हातारपणी ताप, रक्त दिसेलच असं नाही. बिडी ओढणाऱ्याला अन् साखरेच्या रुग्णाला धोका आणखी. देश 2025 पर्यंत क्षयमुक्त करायचा होता, पण घरातला खोकलाच कोणी मोजत नाही. दोन आठवड्यांवर खोकला गेला की सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तपासणी, औषध फुकट. पोषणाला नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये. आजाच्या मांडीवर नातू बसतो, हे ध्यानात ठेवा.