देवस्थानाला वकील हवा

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे मँगनीजच्या खाणीचे गाव. इंग्रजी अमदानीपासून येथील भूमी खणली जात आहे. खाणपट्टा, वनखात्याची हद्द आणि गावठाण ही तिन्ही जेथे एकमेकांना भिडतात, तेथे एखादे कुंपण पुढे सरकले तर गावदेवाच्या वाटेचे काय, हा प्रश्न कधीही उभा राहू शकतो. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले खरे. पण ते मागण्यासाठी खाणमजुराच्या किंवा वनवासी बांधवाच्या बाजूने न्यायालयात उभे कोण राहणार?

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने २०१३ मध्ये केवळ धर्मस्वातंत्र्याच्या खटल्यांसाठी विधी साहाय्य केंद्र उघडले. तेथे विद्यार्थी खऱ्या पक्षकारांचे काम करतात आणि अनुभवी वकील त्यांच्या कामावर देखरेख ठेवतो. केंद्राचा सारा भार त्या वकिलावर असतो.

भारतात नेमकी हीच जागा रिकामी आहे. पूर्णवेळ वेतन घेणाऱ्या प्राध्यापकाला बार कौन्सिलचे नियम वकिली करू देत नाहीत. जो शिकवतो तो न्यायालयात उभा राहत नाही, जो उभा राहतो तो वर्गात येत नाही. मग महाविद्यालयांची विधी साहाय्य केंद्रे बहुधा शिबिरे, पथनाट्ये आणि छायाचित्रांसह अहवाल एवढ्यावरच समाधान मानतात. वास्तविक १९७९ च्या नियमांनी वकिलाला दिवसातून तीन तासांपर्यंत कायदा शिकविण्याची मुभा दिलेली आहे. नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. या तीन तासांचा उपयोग करून घेण्याची इच्छा तेवढी हवी.

वकील मात्र पारखून घ्यावा लागेल. दिल्लीतील मोठे नाव फलकावर शोभते. चिखल्यासारख्या गावात ते निरुपयोगी. भंडाऱ्यात मालगुजारी होती. ती गेल्यावर गावाचे सामाईक हक्क निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये शोधावे लागतात. ही कागदपत्रे वाचणारा आणि झाडीबोलीत बोलणाऱ्या म्हाताऱ्याचे म्हणणे दुभाष्याविना समजणारा वकील हवा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून जुनी देवस्थाने, स्मशाने आणि वृद्धांचे लेखी जबाब ग्राह्य धरले आहेत. हे जबाब विद्यार्थ्यांनी गावोगाव बसून लिहून घ्यावेत, वकिलाने ते तपासावेत. उशीर झाला तर सांगणारेच उरणार नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात खाणीमुळे उपासनेच्या हक्काला बाधा येते काय, हे ग्रामसभांनी ठरवावे असे सांगितले. ग्रामसभांनी खाण नाकारली. पण तो प्रदेश घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील. भंडारा जिल्हा तीत नाही. वनहक्क कायदा येथे लागू आहे, पेसा नाही. हा भेद ठाऊक नसलेला वकील पहिल्याच सुनावणीत गावाचे नुकसान करील.

आता एक अप्रिय मुद्दा. असे केंद्र केवळ हिंदूंचे दावे घेणारे असावे, असे काहींना वाटेल. तसे झाल्यास ते विधी केंद्र न राहता प्रचाराचे कार्यालय होईल, आणि न्यायालयही त्याकडे त्याच दृष्टीने पाहील. मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या काही तरतुदींना रतिलाल पानाचंद गांधी यांनी आव्हान दिले ते एका जैन मंदिराच्या वतीने. १९५४ च्या त्या निकालाने धर्मसंस्थेचा कारभार सरकारला सरसकट काढून घेता येणार नाही हे ठरले आणि त्याचा आधार पुढे सर्वच पंथांना मिळाला. मशिदीचा वा चर्चचा न्याय्य दावा नाकारणारा वकील मंदिराच्या दाव्यालाही दुबळाच करतो.

राहिला मानधनाचा प्रश्न. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि स्त्रिया यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. केंद्राचा वकील जिल्हा प्राधिकरणाच्या यादीवर आला, तर त्याचा काही खर्च तेथून निघेल. उरलेला विद्यापीठाने सोसावा. तुमसरच्या खेपांचे प्रवासभाडे त्यात आधी धरावे.