वाक्य कुणाचे, पान कोणते?

आमच्या वसतिगृहाच्या भोजनगृहातील भिंतीवर शिक्षणाला वाघिणीच्या दुधाची उपमा देणारे वाक्य कित्येक वर्षांपासून रंगविलेले आहे. खाली बाबासाहेबांचे नाव आहे. गतवर्षी नववीच्या विद्यार्थ्यांना आम्ही त्याचा मूळ आधार शोधण्यास सांगितले. तासाभरात संकेतस्थळांची डझनभर पाने निघाली. वाक्य तेच, नाव तेच. परंतु भाषण कोठले, दिनांक कोणता, कोणत्या खंडाचे कितवे पृष्ठ, हे एकाही पानावर नव्हते. एका विद्यार्थिनीला मात्र निराळेच गवसले. इंग्रजी भाषेला वाघिणीचे दूध म्हटल्याचे श्रेय विष्णुशास्त्री चिपळूणकरांना दिले जाते, आणि ते तर बाबासाहेबांच्या जन्मापूर्वी, १८८२ मध्येच निवर्तले. तिने विचारले, “सर, मग भिंतीवरचे पुसायचे का?”

पुसायचे नाही, असे आम्ही सांगितले. मात्र पृष्ठ सापडेपर्यंत प्रकल्पात त्या वाक्याखाली बाबासाहेबांचे नाव घालायचे नाही. ही भूमिका काही पालकांना रुचली नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही आम्ही तिच्यावर ठाम आहोत. आमची मुले उद्या महाविद्यालयात, वादसभेत, न्यायालयात उभी राहतील. तेथे त्यांचे एक अवतरण निराधार ठरले, तर उरलेली नऊ खरी अवतरणेही कोणी ऐकून घेणार नाही. इतरांना जी सवलत मिळते ती आपल्याला मिळत नाही, हा अनुभव माजी विद्यार्थ्यांना नव्याने सांगावयास नको.

प्रकल्पाच्या शेवटी ‘संदर्भ : गूगल’ असे लिहिणे म्हणजे पत्र लिहिणाऱ्याऐवजी पोस्टमनचे नाव सांगणे होय. लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, संकेतस्थळ, प्रकाशनाचा दिनांक, पूर्ण दुवा आणि आपण ते पान पाहिले तो दिवस, एवढे लिहावयास दोन ओळी पुरतात. शेवटची नोंद मुलांना निरर्थक वाटते. विकिपीडियावरील एखाद्या लेखाचा ‘इतिहास’ उघडून दाखविला, कालचे वाक्य आज कसे बदलले ते दिसले, की मग समजावून सांगावे लागत नाही.

संगणकाच्या पडद्यावरून मूळ ग्रंथापर्यंत जाण्याची वाटही आता अवघड राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड आंतरजालावर वाचता येतात. ते उपलब्ध असता व्हॉट्सॲपवरील चित्राचा आधार घेणे हा निव्वळ आळस आहे, आणि तो आम्हा शिक्षकांतही आहे.

१९५७ साली ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात मूळ आधारांचे निर्देश नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पाली ग्रंथांतून ते शोधून काढले. बाबासाहेबांवरील निष्ठेपोटीच त्यांनी हे कष्ट उपसले. आधार विचारणे म्हणजे अश्रद्धा, असे ज्यांना वाटते त्यांनी हा अनुवाद अवश्य पाहावा.

यंदा भोजनगृहाला नवा रंग दिला. वाक्य पुन्हा लिहिले आहे. नावाची जागा तूर्त कोरी आहे. ‘जनता’ वा ‘प्रबुद्ध भारत’चे जुने अंक ज्यांच्या घरी पेटीत असतील, त्यांनी ते एकदा चाळावेत. पान सापडल्यास अंकाचा दिनांक व पृष्ठ क्रमांक आवर्जून कळवावा. रंगाचा डबा आम्ही जपून ठेवला आहे.