यंत्र पोचले, पुढे काय?

जून उजाडला की आपल्याकडे शाळा आणि वाटपाचे कार्यक्रम एकदमच सुरू होतात. पूर्वी वह्या वाटत, मग गणवेश आले, सायकली आल्या. त्यानंतर टॅब आणि लॅपटॉप. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले, ते दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून. पण अशा वाटपामागे बहुधा आणखी एक समजूत असते: मुलाला स्वतःचे यंत्र मिळाले की ते आपले आपण शिकू लागेल. या समजुतीची परीक्षा गेल्या वीस वर्षांत जगात लाखो मुलांवर घेऊन झाली आहे. तिचा निकालही लागला आहे. आपल्याकडे तो फारसा कोणी वाचलेला दिसत नाही, म्हणून हा प्रपंच.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक निकोलस निग्रोपोंटे यांनी जानेवारी २००५ मध्ये दावोसच्या परिषदेत शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. घोषणा होती ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिस येथे राष्ट्रसंघाचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत त्याचा नमुना दाखवण्यात आला. वीज नसलेल्या खेड्यासाठी त्याला हाताने फिरवायचा एक दांडा होता. अन्नान यांनी तो फिरवला आणि दांडा निखळून हातात आला! पुढे प्रत्यक्ष यंत्र बाजारात आले ते दांड्याशिवायच.

पण या गमतीवरून त्या यंत्राला हसणे बरे नाही. साडेसात इंचांचा त्याचा पडदा भर उन्हातही वाचता येई. कळफलक धूळ-पाण्याला दाद न देणारा. इंटरनेट नसले तरी शेजारच्या मुलाच्या यंत्राशी ते जोडले जाई. यामागचा विचारही पोरकट नव्हता. सीमोर पेपर्ट या गणितज्ञांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा विकसित करण्यात मोठा वाटा उचलला होता आणि मूल काहीतरी स्वतः घडवताना सर्वांत चांगले शिकते असे ते सांगत. म्हणून लॅपटॉपची मालकी शाळेची नव्हे, मुलाची असावी, त्याने तो घरी न्यावा, असा या योजनेचा आग्रह होता. शंभर डॉलरचा आकडा मात्र कधीच गाठता आला नाही. २००७ च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत जवळजवळ दुप्पट झाली होती.

भारताने या योजनेला २००६ मध्येच नकार दिला. तेव्हाचे केंद्रीय शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी नियोजन मंडळाला कळवले, की हा प्रयोग शैक्षणिकदृष्ट्या शंकास्पद आहे आणि आपल्याला आधी वर्गखोल्या व शिक्षक हवे आहेत. त्या वेळी अनेकांना हा सरकारी कद्रूपणा वाटला. तरीही २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातील खैरात या गावी एकशिक्षकी शाळेत या लॅपटॉपचा छोटासा प्रयोग झालाच. मुले यंत्रावर तुटून पडली, अशाच बातम्या तेव्हा आल्या आणि त्या खोट्या नव्हत्या. मुले नव्या वस्तूवर तुटून पडतातच. महिना-दोन महिन्यांच्या उत्साहावरून मात्र शिक्षणाचे काही कळत नाही.

ते कळले दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात. अँडीज पर्वतातल्या दुर्गम खेड्यांपासून सुरुवात करून पेरूने सुमारे २० कोटी डॉलर खर्चले आणि साडेआठ लाखांवर लॅपटॉप वाटले. प्रत्येकात दोनशेच्या आसपास पुस्तके भरलेली होती. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ ग्रामीण शाळांची तुलना केली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. योजना न पोचलेल्या शाळांत आठ मुलांमागे एक संगणक होता. पोचलेल्या शाळांत मुलापरत्वे एकाहून अधिक. म्हणजे वाटप चोख झाले होते. आणि तरीही गणित व भाषा यांच्या चाचण्यांत दोन्हीकडची मुले सारखीच निघाली. घरचा अभ्यास वाढला नाही, वाचनाची सवय वाढली नाही. कोडी सोडवण्यासारख्या सर्वसाधारण बुद्धीच्या चाचण्यांत तेवढी थोडी प्रगती दिसली. पुढे सुमारे दहा वर्षांनी याच योजनेचा पुन्हा मागोवा घेतला गेला. मुले मोठी झाली होती. अभ्यासातला फरक तेव्हाही सापडला नाही.

असे का व्हावे? माझ्या मते उत्तर तिसरीच्या वजाबाकीत आहे. बावन्नातून सत्तावीस गेले, तर मूल उत्तर लिहिते पस्तीस. चूक उत्तर आहे, हे कोणतेही स्वस्त यंत्र सांगेल. पण मुलाने एकक स्थानी सातातून दोन वजा केले, मोठ्यातून लहान काढायचे एवढेच त्याच्या डोक्यात बसले आहे आणि दशक सुटे करणे त्याला कळलेलेच नाही, हे वहीवर नजर टाकताच बाईंना दिसते. एकेका मुलाकडे लक्ष देऊन शिकवणे म्हणजे हेच. पेरूत हातात यंत्र आले, पण शेजारी बसून वही पाहणारे माणूस तेवढेच राहिले. शिक्षकांना थोडेफार प्रशिक्षण मिळाले. मात्र रोजच्या तासाला हे यंत्र नेमके कोठे वापरायचे, हे त्यांच्या हाती कोणी दिले नव्हते. मग मुले फोटो काढत, गाणी ऐकत, खेळ खेळत. त्यांनी दुसरे काय करावे?

आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे, ती वाचून मला हसू आले. मालकी मुलाची असूनही निम्म्याहून कमी मुलांना लॅपटॉप घरी नेता येत होता. मोडला, हरवला तर भरपाई कोण देणार, ही धास्ती! माझ्या थोरल्या वहिनींची तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. त्यांना हे सांगितले तर म्हणाल्या, ‘‘अहो भाऊजी, आमच्या शाळेतला टीव्ही सात वर्षं कपाटात होता. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली की ती वस्तू हेडमास्तरांच्या मानेवर. बिघडली तर निर्लेखनाचे कागद करता करता बदली होते. त्यापेक्षा कुलूप बरं.’’ १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, तिने मुलांसाठी चांगले कार्यक्रम तयार केले. त्यातले कितीएक अशा कुलपांपाशी अडले असतील. २०११ मध्ये मोठा गाजावाजा करून आलेल्या स्वस्त ‘आकाश’ टॅबचे काय झाले, ते वाचकांना आठवत असेलच.

उरुग्वेची गोष्ट थोडी वेगळी आहे. जेमतेम ३४-३५ लाख वस्तीचा हा देश. २००७ मध्ये एका खेड्यातल्या शाळेपासून सुरुवात करून २००९ अखेर त्याने सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. मुख्य म्हणजे त्यासाठी ‘सेइबाल’ नावाची कायमची यंत्रणा उभी केली: दुरुस्ती, इंटरनेट, शिक्षकांचे प्रशिक्षण, सारे तिच्याकडे. गंमत म्हणजे पहिल्या काही वर्षांत तेथेही गणित-वाचनाचे गुण वाढले नाहीत! पण यंत्रणा जागेवर राहिली, म्हणून पुढचा विचार करता आला. देशात इंग्रजीचे शिक्षक पुरेसे नव्हते. तेव्हा २०१२ पासून आठवड्यातून एकदा दूरच्या शिक्षिका, काही तर फिलिपिन्समधून, पडद्यावर येऊन तास घेऊ लागल्या. उरलेले दोन तास वर्गातल्या बाईच घेत, स्वतः मुलांबरोबर इंग्रजी शिकत. करोनात २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा हीच व्यवस्था त्या देशाच्या कामी आली. आपल्याकडे त्या काळात घरात एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, अशा मुलांचे काय झाले, हे वेगळे सांगायला नको. तेव्हा यंत्र नकोच, असे मी म्हणत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, ते पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामामुळे. मुलाला काय अडते हे गुरुजींना आधी दिसले, साधन नंतर आले. पेरूत हाच क्रम उलटा होता.

पुढच्या वेळी तुमच्या मुलाच्या शाळेत टॅब येणार असल्याची बातमी कानावर आली, तर चार साधे प्रश्न विचारून पाहा. बिघडला तर दुरुस्त कोण करणार आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून? मुलाला तो घरी नेता येईल का? बुधवारच्या गणिताच्या तासाला बाई तो कशासाठी वापरणार? आणि शाळेत शिक्षकाची जागा रिकामी असेल तर ती कधी भरणार? हे प्रश्न विचारायला पुढाऱ्याची ओळख लागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती ठेवली आहे आणि तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात.